हुकूमशहाचं पुस्तकांचं कपाट कसं वाचावं

१९८४ च्या पावसाळ्यात नारायण पेठेतल्या एका वाड्यातून अकरा पोती पुस्तकं आमच्या ग्रंथालयात आली. मला नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं. ज्यांची ती पुस्तकं, ते गृहस्थ मोठे व्यासंगी म्हणून पेठेत प्रसिद्ध होते. वेदान्त, सहकार, शेती, बालमानसशास्त्र. एकेक पुस्तक काढून पुसताना मी दिपून जात होते. आमच्या मुख्य ग्रंथपाल बाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "नावं नंतर वाच गं. आधी हे पुस्तक त्यांच्या घरी आलं कसं, ते बघ."

बघितलं. ६४० पुस्तकांपैकी चारशेच्या वर पुस्तकांवर पहिल्याच पानावर "सविनय सादर" किंवा "अभिप्रायार्थ" लिहिलेलं. त्यातल्या बहुतेकांची जोडपानं कापलेलीसुद्धा नव्हती. तारखा सगळ्या १९५८ ते १९६६ मधल्या. त्या वर्षांत ते पुस्तकखरेदीच्या कुठल्याशा निवड समितीवर होते, हे त्यांच्या मुलीनेच नंतर सांगितलं. खरोखर हाताळलेली पुस्तकं साठ-सत्तर, आणि ती जवळजवळ सगळी होमिओपॅथीची. अकरा पोत्यांनी मला त्या माणसाबद्दल थोडं सांगितलं आणि त्याच्या दारात उभ्या राहणाऱ्यांबद्दल पुष्कळ.

पुढची ३३ वर्षं मी देणगीत आलेले संग्रह नोंदवले. निवृत्त झाल्यावर हीच नजर घेऊन हुकूमशहांच्या संग्रहांकडे वळले. हिटलर काय वाचायचा, स्टालिनने समासात काय लिहिलं, असं कुठे छापून आलं की लोक त्यातून माणसाचं मन शोधू लागतात. मला वाटतं, शोध चुकीच्या खोलीत चाललेला असतो. त्या कपाटात एकट्या माणसाचं मन कमी आणि आजूबाजूच्या समाजाचे हात जास्त दिसतात. ते हात कसे ओळखायचे, तेवढंच इथे सांगते.

एक साधी वही घ्या आणि चार रकाने आखा. पुस्तक आलं कसं. उघडलं गेलं का. कुठे, कशाशेजारी ठेवलं होतं. आणि शेवटी गेलं कुठे. पुस्तकाचं नाव अर्थातच डावीकडे, पण ते सर्वांत कमी महत्त्वाचं आहे असं समजून चाला.

त्याहीआधी एक काम. तुमच्यासमोर जी यादी आहे ती कोणी केली, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहा. हिटलरच्या पुस्तकांचा १६,३०० हा आकडा सगळीकडे फिरतो. तो बर्लिनमध्ये राहिलेल्या एका अमेरिकी वार्ताहराने १९४२ साली दिलेला अंदाज आहे. त्याच्या हिशेबाने त्यातली ७,००० पुस्तकं युद्धशास्त्राची होती. प्रत्यक्ष हाताला लागली ती फारच कमी. १९४५ च्या वसंतात अमेरिकी सैनिकांना एका मिठाच्या खाणीत दारूच्या खोक्यांत भरलेली सुमारे ३,००० पुस्तकं सापडली. छाटणी होऊन त्यातली १,२०० वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये राहिली. हिटलरच्या बर्लिनमधल्या तळघरातून एका अमेरिकी कर्नलने उचललेली ऐंशी पुस्तकं आज ब्राउन विद्यापीठात आहेत. म्हणजे आपण जे वाचतो ती मूळ संग्रहाची चिमूट आहे, तीही सैनिकाने उचललेली आणि ग्रंथपालाने निवडलेली. चिलीचा लष्करी हुकूमशहा पिनोशे याची गोष्ट वेगळी. त्याच्या पुस्तकांची मोजदाद २००६ मध्ये न्यायालयाने नेमलेल्या तज्ज्ञांनी केली, कारण त्याच्या संपत्तीची चौकशी चालू होती. अशा यादीत किमती चोख असतात. ५५,००० च्या आसपास पुस्तकं, मोल सुमारे २८ लाख डॉलर.

आता पहिला रकाना. यावर मी सर्वांत जास्त वेळ घालवते, तुम्हीही घालवा.

हिटलरच्या उरलेल्या पुस्तकांत एक पातळ पुस्तक बर्लिनच्या कलेवर आणि वास्तूंवर आहे. नोव्हेंबर १९१५ मध्ये, उत्तर फ्रान्सच्या आघाडीजवळच्या फूर्न गावात, सव्वीस वर्षांच्या सैनिकाने ते चार मार्क देऊन स्वतः विकत घेतलं, आतल्या पानावर नाव-गाव-तारीख लिहिली. लेखक माक्स ओस्बोर्न, ज्यू होता. पुढे त्याला जर्मनी सोडून जावं लागलं. आता याच्या शेजारी दुसरं पुस्तक ठेवा. १९३३ मध्ये चित्रपट दिग्दर्शिका लेनी रीफेनश्टालने तत्त्वज्ञ फिश्टेचे समग्र ग्रंथ अर्पणाच्या ओळी लिहून हिटलरला भेट दिले. पहिल्या पुस्तकावर विकत घेणाऱ्याची सही आहे, दुसऱ्यावर देणाऱ्याची. सही कोणाची आहे एवढ्यावरून मधल्या अठरा वर्षांत काय घडलं ते कळतं.

भेटीच्या पुस्तकांत मी सगळ्यात जास्त दचकले ती प्रकाशकाच्या नावाने. म्युनिकचा युलिउस लेमान. याचा मूळ धंदा वैद्यकीय पाठ्यपुस्तकांचा. डॉक्टर होणारी मुलं त्याची पुस्तकं घेऊन अभ्यास करायची. हाच लेमान वंशशास्त्राची पुस्तकं छापायचा आणि स्वतःच्या हाताने अर्पण लिहून हिटलरला धाडायचा. त्यात न्यूयॉर्कच्या मॅडिसन ग्रांट या वकिलाच्या पुस्तकाचा जर्मन अनुवाद होता. मूळ इंग्रजी १९१६ चं, अनुवाद १९२५ चा. हा ग्रांट अमेरिकेत स्थलांतरितांवर बंधनं घालणाऱ्या १९२४ च्या कायद्याचा खंदा पुरस्कर्ता. जुलै १९३३ मध्ये जर्मनीत सक्तीच्या नसबंदीचा कायदा झाला आणि पुढच्या वर्षी त्याच्यावरचं भाष्य प्रसिद्ध झालं ते लेमानच्याच प्रकाशनसंस्थेतून. एका अर्पणपत्रिकेचा धागा ओढला तर वैद्यकीय महाविद्यालय, छापखाना, न्यूयॉर्क आणि सरकारी राजपत्र असं सगळं हातात येतं. हिटलरने ते पुस्तक पूर्ण वाचलं की नाही, हा प्रश्न मला त्यामानाने फार लहान वाटतो. ते त्याला मिळावं म्हणून कोण धडपडत होतं, हे विचारा.

म्हणून भेट आलेल्या प्रत्येक पुस्तकापुढे देणाऱ्याचा धंदा लिहा. नाव नको, धंदा. डॉक्टर, प्राध्यापक, प्रकाशक, पाद्री, नगराध्यक्ष. पानभर झालं की उभं वाचा. त्या समाजात कोणाला काय हवं होतं, याची यादी तयार झालेली असते.

भेट उलट दिशेनेही जाते. १९३६ पासून जर्मनीत नवविवाहित जोडप्यांना नगरपालिकेकडून हिटलरचं आत्मचरित्र मिळायचं. १९४५ पर्यंत त्याच्या सव्वा कोटीच्या घरात प्रती निघाल्या. लग्नात मिळालेलं पुस्तक माळ्यावर टाकायलाही माणूस कचरतो. हुकूमशहाच्या संग्रहाचा हा दुसरा, मोठा भाग लोकांच्या घरांत ठेवलेला असतो.

दुसरा रकाना, उघडलं का. इथे स्टालिन लागतो. पंचवीस हजारांच्या आसपास पुस्तकं, पत्रकं, नियतकालिकं. त्यातली चारशेएक अशी टिकली आहेत, की ज्यांवर त्याच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत. निळी, लाल, हिरवी. "हा हा", "मूर्खपणा", "बरोबर", "लक्षात ठेवा". हा माणूस वाचायचा, याबद्दल शंका नको. वाचन माणसाला मऊ करतंच, असं मानणाऱ्यांत मी मोडते, नव्हे, मोडत होते. ही चारशे पुस्तकं त्या समजुतीच्या आड येतात आणि त्यांना बगल देता येत नाही.

पण खुणांवरून निष्कर्ष काढताना हात आखडा. इव्हान द टेरिबलवरच्या एका नाटकाच्या त्याच्या प्रतीवर "शिक्षक" हा शब्द पुनःपुन्हा गिरवलेला आहे. त्यावरून, या क्रूर झारला तो गुरू मानायचा, असं पुष्कळांनी लिहिलं. पण मनात काही नसताना एखादा शब्द गिरवत बसण्याची सवय कित्येकांना असते. आमच्याकडे आलेल्या एका संग्रहात ज्ञानेश्वरीच्या समासात जागोजागी "दूध २" लिहिलेलं होतं. एका खुणेवर इमारत उभारू नका. तीच खूण पाच पुस्तकांत, एकाच विषयापाशी दिसली, तर वहीत घ्या.

तिसरा रकाना ग्रंथपालांचा लाडका. मे १९२५ मध्ये स्टालिनने आपल्या ग्रंथपालासाठी वर्गीकरणाची एक योजना स्वतःच्या हाताने लिहून दिली. पुस्तकं लेखकवार लावू नका, विषयवार लावा. तत्त्वज्ञान, मानसशास्त्र, समाजशास्त्र, अर्थशास्त्र अशी बत्तीस विषयांची यादी. मात्र काही लेखक या विषयांतून बाहेर काढून स्वतंत्र ठेवायचे होते. लेनिन, मार्क्स, एंगल्स अर्थातच. आणि त्यांच्याबरोबर ट्रॉट्स्की, बुखारिन, झिनोव्हिएव्ह, कामेनेव्ह, म्हणजे पक्षातले त्याच्याच बरोबरीचे नेते.

ती यादी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा खुर्चीवरून उठून गॅलरीत जाऊन उभी राहिले. वर्गीकरण म्हणजे काय हे आयुष्यभर शिकवलं होतं मी शिकाऊ मुलींना. झिनोव्हिएव्ह आणि कामेनेव्ह यांना ऑगस्ट १९३६ मध्ये गोळ्या घातल्या. बुखारिनला मार्च १९३८ मध्ये. ट्रॉट्स्कीचा ऑगस्ट १९४० मध्ये मेक्सिकोत खून झाला. त्यांची पुस्तकं देशभरातल्या वाचनालयांतून काढली गेली, उरलेल्या प्रती खास परवान्याच्या बंद कोठारांत गेल्या, घरी एखादी प्रत सापडणं जिवावर बेतू शकत होतं. स्टालिनच्या संग्रहात मात्र ती होती. ट्रॉट्स्कीच्या पुस्तकावर तर सहमतीच्या खुणासुद्धा आहेत.

म्हणून तिसऱ्या रकान्याला मी एक पोटरकाना जोडला आहे: हेच पुस्तक त्या दिवशी सामान्य माणसाला मिळत होतं का? माओच्या पलंगाच्या अर्ध्या भागावर पुस्तकं रचलेली असायची. सिमा ग्वांगचा अकराव्या शतकातला, २९४ खंडांचा इतिहासग्रंथ तो पुन्हा पुन्हा वाचत असे. १९६६ च्या उन्हाळ्यात त्याचे तरुण अनुयायी, लाल रक्षक, "जुनं" म्हणून घराघरांतले जुने ग्रंथ जाळत होते. हाच माओ १९१८ मध्ये पेकिंग विद्यापीठाच्या ग्रंथालयात महिना आठ युआनवर मदतनीस होता. वाचकांची नावं नोंदवायचं काम होतं त्याच्याकडे. आमच्याच धंद्यातला.

पिनोशेसाठी हा पोटरकाना उलटा भरावा लागतो. त्याच्याकडे इतिहास, भूगोल, युद्धशास्त्र, नेपोलियनवरची रांगच्या रांग. कथा-कविता मात्र जवळपास नाहीत. देश कोणता? जिथल्या गॅब्रिएला मिस्त्रालला १९४५ मध्ये आणि पाब्लो नेरुदाला १९७१ मध्ये कवितेसाठी नोबेल मिळालं, तो. सप्टेंबर १९७३ मध्ये पिनोशेच्या लष्कराचा उठाव झाला. त्याच महिन्यात नेरुदा वारला, त्याच्या सांतियागोच्या घराची नासधूस झाली आणि सैनिक रस्त्यांवर पुस्तकं जाळत होते. तेरा वर्षांनंतरही, १९८६ मध्ये, वालपराइसो बंदरात गार्सिया मार्केझच्या एका पुस्तकाच्या १५,००० प्रती जाळल्या गेल्या. कपाटात जे नाही, ते कुठे गेलं, हे कपाटाबाहेर शोधावं लागतं.

चौथा रकाना लवकर आटपतो. स्टालिन ५ मार्च १९५३ ला गेला. त्याच्या कुंत्सेव्होच्या बंगल्यात स्मारक करायचं ठरत होतं. फेब्रुवारी १९५६ मध्ये, त्याच्यानंतर सत्तेवर आलेल्या ख्रुश्चेव्हने स्टालिनच्या अपराधांचा पाढा वाचणारं ते प्रसिद्ध भाषण केलं आणि बेत बारगळला. खुणा असलेली पुस्तकं पक्षाच्या अभिलेखागारात गेली, बाकीची इतर ग्रंथालयांत विखुरली. संग्रह मोडला तो कोणत्या वर्षी आणि कोणाच्या सांगण्यावरून, एवढं लिहिलं की पुरे.

आता जे सांगते ते माझ्यासाठी सर्वांत जड आहे.

१० मे १९३३ ला बर्लिनच्या ऑपेराच्या चौकात वीस हजारांच्या वर पुस्तकं जाळली. पुढाकार विद्यार्थी संघटनेचा होता. कोणती जाळायची, याच्या याद्या मात्र तयार होत्या. त्या वोल्फगांग हेर्मान नावाच्या एका ग्रंथपालाने केल्या होत्या. व्यवस्थित, वर्गवार, कादंबरी वेगळी, राजकारण वेगळं, इतिहास वेगळा. कोणाची सगळी पुस्तकं काढायची, कोणाची एक-दोन ठेवायची, हेसुद्धा नमूद करून. पुस्तकं बाद करताना आम्ही जशा याद्या करायचो, हुबेहूब तशी. हिटलरचं कपाट वाचताना ही यादी शेजारी ठेवल्याशिवाय वाचन पूर्ण होत नाही. एका बाजूला भेट देणारे, दुसऱ्या बाजूला काढून टाकणारे, आणि दोन्हींकडे शिकलेली, अक्षर चांगलं असलेली माणसं.

सराव कुठे करायचा? पुण्यात जागा भरपूर आहेत. पेठांतले वाडे पाडून इमारती होतात तेव्हा घरातला संग्रह गठ्ठ्याने रद्दीत जातो. तुमच्या रद्दीवाल्याला सांगून ठेवा, एका घरचा गठ्ठा फोडू नका, मला बघू द्या. माझा रद्दीवाला फोन करतो आता. अप्पा बळवंत चौकात जुनी पुस्तकं घेणारे आहेत, डेक्कनच्या फुटपाथवर विक्रेते आहेत. तिथे बसा आणि फक्त पहिली पानं उघडत जा. हिटलरच्या आत्मचरित्राचा मराठी अनुवाद फुटपाथवर हमखास असतो, चाणक्यनीती आणि श्रीमंत व्हायच्या पुस्तकांच्या मध्ये. नव्या प्रती सोडा, जुन्या बघा. मला एका प्रतीवर निळ्या शाईत सापडलं: "मॅट्रिकच्या यशाबद्दल, मामाकडून सप्रेम." भाच्याला यश मिळालं, मामाला अभिमान वाटला, आणि त्याने दुकानात जाऊन सगळ्या पुस्तकांतून हे निवडलं. वाईट बुद्धीने नाही. शिस्त, जिद्द, देशप्रेम, असंच काहीतरी त्याच्या मनात असणार. मी ती प्रत वीस रुपयांना घेतली आणि नोंदवली. देणाऱ्याचा धंदा: मामा.

दुसरा सराव स्वतःच्या घरी. जून १९७५ मध्ये आणीबाणी आली तेव्हा मी सोळा वर्षांची होते. वडील शाळेत गणित शिकवायचे, समाजवादी मंडळींत उठबस होती. त्यांचे दोन मित्र येरवड्याला गेले. एका रात्री आई-वडिलांनी "साधना"चे जुने अंक आणि काही पुस्तिका कपाटातून काढल्या, किराणा दुकानाच्या तपकिरी कागदात बांधल्या. वडिलांनी गठ्ठ्यांवर सुवाच्य अक्षरात "भूमिती" लिहिलं आणि माळ्यावर ठेवले. मला कोणी काही सांगितलं नाही, मी विचारलंही नाही. कपाटात जी मोकळी जागा झाली तिथे आईने पाककृतींची पुस्तकं लावली. पुढे दोन वर्षं मी रोज ते कपाट बघत होते. कुठल्याही हुकूमशहाच्या संग्रहाइतकंच ते बोलत होतं, पण मला तेव्हा वाचता येत नव्हतं.

गठ्ठे आज माझ्याकडे आहेत. कागद मी काढलेला नाही. बाहेर पेन्सिलीने आतल्या अंकांचे महिने लिहिले आहेत, कारण शाई कागदात उतरते आणि गोंदाची चिठ्ठी कसरीला बोलावते.

शेवटची सूचना जुनी पुस्तकं काढून टाकणाऱ्या घरांना. रद्दीत देण्याआधी पुष्कळ जण अर्पणाचं पहिलं पान फाडतात. देणाऱ्याला कळलं तर वाईट वाटेल, म्हणून. किंवा ते नाव आता आपल्या घराशी जोडलेलं नको, म्हणून. कृपा करून फाडू नका. फारच संकोच वाटत असेल तर ते पुस्तक घरातच ठेवा, वरच्या फळीवर, पानासकट.